अस्वलाचं नाव घ्यायचं नाही

दानिल मेदवेदेव २०२१ साली अमेरिकन ओपन जिंकला आणि टेनिस पाहणाऱ्या घराघरांत ते नाव ओळखीचं झालं. फुटबॉल पाहणाऱ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून पावेल नेदवेद ठाऊक होता. लांब सोनेरी केसांचा हा चेक खेळाडू २००३ सालच्या बॅलन डी ओरचा मानकरी. एक रशियन, दुसरा चेक. एकाचं आडनाव ‘म’ने सुरू होतं, दुसऱ्याचं ‘न’ने. पण दोन्ही आडनावांच्या पोटात एकच शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे अस्वल.

भाषाशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द एका तारांकित रूपात दिलेला असतो. देवनागरीत तो साधारण असा लिहिता येईल: *मेद्वॅदि. पुढची ती तारा शोभेची नाही. ‘हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, ते पुराव्यावरून पुन्हा उभं केलं आहे’ असं ती सांगते. एकोणिसाव्या शतकात आउगुस्ट श्लायखर या जर्मन अभ्यासकाने ही खूण रूढ केली. तेव्हापासून प्रत्येक प्रामाणिक भाषाशास्त्रज्ञ ती न चुकता लावतो.

हा शब्द ज्या भाषेतला, तिला आद्य स्लाव्ह म्हणतात. रशियन, युक्रेनी, बेलारुसी, पोलिश, चेक, स्लोवाक, स्लोवेनी, क्रोएशियन, सर्बियन, बल्गेरियन, मॅसिडोनियन या सगळ्यांची ती आई. इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकापर्यंत या सगळ्यांचे पूर्वज बऱ्याच अंशी एकच भाषा बोलत होते. त्यांना लिपी नव्हती. ८६३ च्या सुमारास सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ बायझंटाइन साम्राज्यातून मोराव्हियात गेले. ख्रिस्ती ग्रंथ स्लाव्ह भाषेत उतरवण्यासाठी सिरिलने एक लिपी बनवली आणि तिथून स्लाव्ह लेखनाला सुरुवात झाली. तोवर आईच्या लेकी वेगळ्या चुली मांडू लागल्या होत्या. आईच्या हातचं एक अक्षरही उरलेलं नाही.

मग तिचा शब्द आपल्याला कळतो कसा? लोकांना वाटतं, हे अंदाजपंचे असतं. तसं नाही. यातल्या प्रत्येक अक्षराला साक्षीदार आहेत, आणि मराठी वाचकाला त्यांची साक्ष इतर कुणाहीपेक्षा लवकर पटेल, कारण लागणारी अवजारं आपल्याला शाळेतच मिळालेली आहेत.

आधी साक्षीदारांना रांगेत उभं करू. उच्चाराच्या जवळ जाईल अशा बेताने देवनागरीत लिहितो. रशियनमध्ये ‘म्येद्व्येद्’, युक्रेनीत ‘वेद्मिद्’, बेलारुसीत ‘म्याद्ज्व्येज’, पोलिशमध्ये ‘न्येज्व्येज’, चेकमध्ये ‘मेद्व्येद’, स्लोवेनीत ‘मेदवेद’. सर्बियनमध्येही ‘मेदवेद’, पण शेजारच्या क्रोएशियनमध्ये ‘मेद्व्येद’. स्लाव्हांचे पहिले ख्रिस्ती ग्रंथ ज्या जुन्या भाषेत उतरले, त्या ‘चर्च स्लाव्ह’ भाषेतही हाच शब्द जवळजवळ आईच्याच रूपात भेटतो.

आता एकेक अक्षर घेऊ. सुरुवातीला ‘म’ की ‘न’? बहुतेक सगळ्या भाषा ‘म’ म्हणतात, पोलिश ‘न’ म्हणते. इथे नुसत्या बहुमताने निकाल देत नाहीत, कारणही शोधतात. ‘म’ आणि ‘व’ हे दोन्ही ओठांवर तयार होणारे ध्वनी. एकाच शब्दात ते पाठोपाठ आले की जिभेला एक बदलून टाकावासा वाटतो, म्हणून पोलिशने ‘म’चा ‘न’ केला. जुन्या पोलिशमध्ये ‘म’ची रूपं सापडतात, म्हणजे हा बदल पुढे केव्हातरी झाला. चेकमध्ये प्रमाण शब्द ‘म’चाच राहिला, पण ‘न’चं रूप बोलीत आणि आडनावात टिकलं. नेदवेद हे ते आडनाव. आपल्याकडे संस्कृत ‘निंब’ मराठीत ‘लिंब’ झाला, तो असाच. ‘न’ आणि ‘म’ दोन्ही अनुनासिकं, म्हणून पहिलं बदललं. आजही कुणी कडुनिंब म्हणतो, कुणी कडुलिंब.

मधला स्वर जास्त रंजक आहे. मी तो ‘ॲ’ लिहिला, बॅट-कॅचमधला. आद्य स्लाव्हमधला हा स्वर साधारण तसाच असावा असं अभ्यासक मानतात. प्रत्येक लेकीने त्याचं वेगळं काहीतरी केलं: रशियनने ‘ये’, युक्रेनीने ‘इ’, सर्बियनने ‘ए’, क्रोएशियनने ‘ये’ किंवा ‘इये’. एकाच शब्दात हे दिसलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण दुसरा शब्द घ्या. ‘प्रकाश’ आणि ‘जग’ या अर्थांचा स्लाव्ह शब्द रशियनमध्ये ‘स्व्येत’, युक्रेनीत ‘स्वित’, सर्बियनमध्ये ‘स्वेत’, क्रोएशियनमध्ये ‘स्वियेत’ असा आहे. तीच रांग, तेच स्वर. (या शब्दाचं संस्कृत भावंड ओळखलंच असेल: श्वेत.) असे शेकडो शब्द एकाच शिस्तीत चालतात, तेव्हा त्यांच्यामागे एकच मूळ स्वर होता हे मान्य करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. युक्रेनी अस्वलातला ‘इ’ ही गंमत नाही, तो नियम आहे.

शेवटी एक अगदी आखूड ‘इ’ होता, म्हणता म्हणता गिळला जाणारा. आज तो कुणीच उच्चारत नाही. पण जाताना त्याने शेजारच्या ‘द’ला मऊ करून ठेवलं. रशियनमध्ये तो मऊ ‘द्य’सारखा होतो, पोलिश आणि बेलारुसीत थेट ‘ज’कडे झुकतो. ‘द’चा ‘ज’ कसा होईल, असं वाटत असेल तर ‘अद्य’चा ‘आज’ आणि ‘विद्युत्’ची ‘वीज’ आठवा. ‘द’ला ‘य’ चिकटला की जीभ टाळूकडे सरकते आणि ‘ज’ होतो. नागपूर असो की वॉर्सा, तोंडाची रचना तीच.

अक्षरं लागली. आता शब्द फोडू.

शाळेत यण् संधी शिकवताना बाई फळ्यावर लिहायच्या: सु + आगत = स्वागत, मनु + अंतर = मन्वंतर. उकारापुढे दुसरा स्वर आला की उकाराचा ‘व’ होतो. स्लाव्ह लोकांनी पाणिनी वाचला नव्हता, पण त्यांच्या पूर्वजांच्या तोंडी हाच नियम चालत होता. त्यांचा मधाचा शब्द एके काळी उकारान्त होता, ‘मेदु’. साक्षीदार लिथुएनियन: तिथे मधाला आजही ‘मेदुस’ म्हणतात. ‘खाणे’ या अर्थाचा धातू ‘ॲद्’. मेदु + ॲद्. उकारापुढे स्वर आला, ‘व’ झाला: मेद्वॅद्. मध खाणारा.

म्हणजे रशियातलं अस्वल ही मन्वंतरासारखीच संधी आहे. पहिल्यांदा हे उलगडलं तेव्हा मी कितीतरी वेळ ते दोन शब्द एकाखाली एक लिहून नुसता बघत बसलो होतो.

दोन्ही तुकडे आपल्या ओळखीचे. पहिला ‘मधु’, आपला मध. दुसरा संस्कृत ‘अद्’, म्हणजे खाणे. मराठीत हा धातू क्रियापद म्हणून उरला नाही, पण रोज ताटात असतो: ‘अन्न’ हा शब्द अद् धातूपासून बनला आहे, जे खाल्लं जातं ते. रशियनमध्ये जेवणाला ‘येदा’ म्हणतात, तो याच कुळातला. स्लाव्ह रूपातले दोन ‘द’ आज सारखे दिसतात, पण संस्कृत सांगतं की ते जुळे नाहीत: एक ‘ध’ होता, दुसरा ‘द’. स्लाव्ह भाषांनी महाप्राण सोडून दिला, म्हणून ‘धूम’चा तिकडे ‘दिम’ होतो आणि ‘भ्राता’चा ‘ब्रात’. जुन्या दागिन्यात एक तार सोन्याची आणि एक पितळेची असावी, वरून दोन्ही पिवळ्या दिसाव्यात आणि कसोटीवर फरक कळावा, तसं संस्कृत इथे कसोटीचं काम करतं.

आणि हा समास संस्कृतातही आहे, अगदी जसाच्या तसा: ‘मध्वद्’. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १६४व्या सूक्तात ‘यस्मिन्वृक्षे मध्वदः सुपर्णाः’ असं येतं, ज्या झाडावर मध खाणारे पक्षी बसतात ते. कठोपनिषदात ‘य इमं मध्वदं वेद आत्मानं’ अशी ओळ आहे. तिथे मध खाणारा म्हणजे कर्मफळ भोगणारा जीवात्मा. एकाच घडणीचा शब्द: एकीकडे पक्षी, दुसरीकडे आत्मा, आणि उत्तरेच्या जंगलात अस्वल.

मात्र इथे घाई करायची नाही. वेदातला मध्वद् आणि स्लाव्हांचा मेद्वॅद् हा एकाच आजीने दोघांना दिलेला तयार शब्द आहे असं म्हणता येत नाही. स्लाव्ह रूपातला दुसरा स्वर दीर्घ आहे, संस्कृतातला ‘अ’ ऱ्हस्व. शिवाय मध आणि खाणे हे दोन्ही शब्द ज्यांच्याकडे होते, त्यांनी आपापल्या जागी तोच समास बनवणं स्वाभाविक होतं. सामान एकाच वाड्यातलं, बांधकाम वेगवेगळं. तेवढं म्हणणं पुरेसं आहे, आणि तेवढंही काही कमी नाही.

कठोपनिषदाची ती ओळ आणखी एका कारणासाठी जपून ठेवण्यासारखी आहे. तिथे ‘मध्वदं’ला लागूनच ‘वेद’ आहे: जो जाणतो. स्लाव्ह लोकांची नेमकी इथेच गल्लत झाली. संधी झाली की सांधा दिसेनासा होतो. पिढ्या गेल्या, मधाच्या शब्दाचा शेवटचा उकार झिजला आणि तो नुसता ‘मेद’ उरला. मग ‘मेद्वॅद’ ऐकणाऱ्याला तो ‘मेद + वॅद’ असा तुटलेला ऐकू येऊ लागला. ‘वॅद्’ म्हणजे जाणणे हा धातूही स्लाव्ह भाषांत होताच, आपल्या ‘विद्’चा भाऊ. चेकमध्ये विज्ञानाला ‘व्येदा’ म्हणतात तो त्यातलाच. म्हणून ‘मध कुठे आहे हे जाणणारा’ अशी व्युत्पत्ती लोकांनी मनाने जुळवली. आजही ती सर्रास सांगितली जाते. आकर्षक आहे, पण चूक आहे. त्या ‘व’वर जाणण्याचा हक्क नाही. तो मधाचा आहे, ‘मधु’तल्या उकाराचा.

युक्रेनीने तर पुढचं पाऊल टाकलं आणि ‘म’ व ‘व’ यांची अदलाबदलच करून टाकली: वेद्मिद्. व्याकरणात याला वर्णविपर्यय म्हणतात. आपल्या गावाकडे नुकसानीचं ‘नुसकान’ आणि मतलबाचं ‘मतबल’ होतं तसंच. तिकडे मात्र अदलाबदल झालेलं रूपच प्रमाण ठरलं, शाळेच्या पुस्तकात तेच छापलं जातं.

इथवर ‘कसा’ झाला. मोठा प्रश्न आहे ‘का’. अस्वलासारख्या ठळक प्राण्याला मध खाणारा असं आडवळणाचं नाव कशाला? सरळ नाव नव्हतं का?

होतं, आणि फार जुनं होतं. संस्कृतात ‘ऋक्ष’, हिंदीत त्याचा ‘रीछ’. ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’, वेल्शमध्ये ‘आर्थ’, फारसीत ‘खिर्स’. सगळे एकाच शब्दाची पोरं. (‘क्ष’च्या जागी ग्रीकमध्ये ‘क्त’ बघून बिचकू नका. सुताराला संस्कृतात ‘तक्षन्’, ग्रीकमध्ये ‘तेक्तोन’. आपल्या बोलण्यातल्या आर्किटेक्टमध्ये तोच सुतार बसलाय.) आर्क्टिक प्रदेशाचं नावही याच ग्रीक अस्वलावरून आलं, कारण उत्तरेच्या आकाशात ग्रीकांना अस्वल दिसत होतं. मराठी ‘अस्वल’सुद्धा प्राकृतातल्या ‘अच्छभल्ल’शी जोडतात, आणि त्यातला ‘अच्छ’ म्हणजे ऋक्षच.

नकाशावर ही नावं मांडली की एक गोष्ट उठून दिसते. भारत, इराण, ग्रीस, इटली इथे जुना शब्द टिकला. युरोपच्या उत्तरेच्या जंगलपट्ट्यात, जिथे तपकिरी अस्वलाशी रोजची गाठ, तिथे तो पुसला गेला. स्लाव्ह म्हणू लागले ‘मध खाणारा’. जर्मन, इंग्रज, स्वीडिश यांच्या पूर्वजांनी वेगळा शब्द घेतला, ज्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक ‘तपकिरी’ असा लावतात. इंग्रजीतला ‘बेअर’ तोच. लिथुएनियात ‘लोकीस’, तोही ऋक्षाच्या कुळातला नाही. आयर्लंडमध्ये जुना शब्द होता, तरी शेजारी एक नवा आला, त्याची फोड ‘चांगलं वासरू’ अशी होते. फिनलंडची भाषा तर या कुटुंबातलीच नाही, पण तिथेही अस्वलाला ‘खरखरीत’ या अर्थाचा ‘कार्हू’, आणि लाडाने ‘मधपंजा’.

१९०६ साली फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी या चित्राचा अर्थ लावला. शिकारी माणूस ज्या जनावराला भितो, त्याचं नाव तो जंगलात घेत नाही. नाव घेतलं की ते येतं. म्हणून त्याला खुणेचं नाव दिलं जातं. पिढ्यानपिढ्या खुणेचंच नाव चाललं की खरं नाव विसरलं जातं.

हे मला पुस्तकातून पटलं त्याच्या आधी आजीमुळे पटलं होतं. दिवेलागण झाली की ती सापाला साप म्हणत नसे. ‘पडवीत लांबडं दिसलं’ असं हळू आवाजात सांगायची. कुणी चुकून नाव घेतलंच तर डोळ्यांनी दटावायची. आपली भाषा अशा आडपडद्यांनी भरलेली आहे. बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझवत नाहीत, मालवतात. घरातून निघताना ‘जातो’ नाही, ‘येतो’. यांतलं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे देवी. त्या भयंकर रोगाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती, म्हणून त्याला देवीचं नाव दिलं. काही पिढ्यांनी ते रोगाचं साधं नाव झालं, आणि सरकारी लशीच्या कागदावरसुद्धा ‘देवी’ छापलं गेलं. तो फॉर्म भरणाऱ्या कारकुनाच्या मनात भीतीही नव्हती आणि भक्तीही. ‘मेदवेद’चं हेच झालं. आजच्या रशियन मुलाला त्या शब्दात मध ऐकू येईल कदाचित, भीती मात्र ऐकू येत नाही.

मेये यांचं म्हणणं आज जवळजवळ सगळीकडे मान्य आहे, पण ते अनुमान आहे हे विसरू नये. लिपी नसलेल्या काळातला एकही स्लाव्ह शिकारी ‘मी घाबरून हे नाव घेत नाही’ असं लिहून गेलेला नाही. अनुमानाचं वजन आहे ते नकाशामुळे: वेगवेगळ्या वंशांच्या शेजाऱ्यांनी त्याच प्राण्याचं नाव टाळलं, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने.

या सुंदर कल्पनेच्या पाठीवर एक खोटीही फिरते आणि तिला इथेच थांबवायला हवं. रशियन वाचकांत ती फार लोकप्रिय आहे. म्हणतात, स्लाव्हांचं ‘खरं’ गुप्त नाव ‘बेर’ होतं, आणि पुरावा म्हणजे अस्वलाच्या गुहेचा रशियन शब्द ‘बेर्लोगा’: बेरची जागा. ऐकायला चोख वाटतं. पण ‘बेर्लोगा’च्या बहिणींकडे विचारा. पोलिशमध्ये तोच शब्द ‘बार्वुग’, म्हणजे गवताचं विस्कटलेलं ओंगळ अंथरूण. सर्बियनमध्ये ‘ब्रलोग’, तिथे डुकरांची घाणेरडी जागाही येते. एकट्या अस्वलापुरता हा शब्द नाहीच. शिवाय या सगळ्या रूपांच्या मागे ‘ब’ आणि ‘र’ यांच्यात मूळचा ‘ए’ नसून तोच आखूड ‘इ’ होता, जो मघाशी आपण अस्वलाच्या शेपटाला पाहिला. जर्मन ‘बेअर’शी त्याची सोयरीक लागत नाही. बर्लिनचंही तसंच. शहराच्या चिन्हावर अस्वल आहे, पण नावाचं मूळ बहुतेक अभ्यासक दलदल या अर्थाच्या स्लाव्ह शब्दात शोधतात. अस्वल तिथे नंतर, ध्वनीच्या साम्यामुळे आलं.

ऐकायला गोड लागणारी व्युत्पत्ती आणि खरी व्युत्पत्ती यांतला फरक कळण्यासाठी एवढंच लागतं: सगळ्या बहिणींना विचारायचं आणि प्रत्येक स्वराचा हिशेब मागायचा.

खुणेचं नाव मधावरूनच का पडलं, याचं उत्तर जंगलात आहे. स्लाव्ह प्रदेशात पेटीतल्या मधमाश्या फार नंतर आल्या. आधी मध मिळायचा तो उंच झाडांच्या ढोलींतून. लोक पाइन किंवा ओकच्या खोडात बऱ्याच उंचीवर ढोली कोरत, त्यांत रानमाश्या वस्ती करत, आणि हंगामात माणूस दोरावरून वर चढून मध काढी. पोलंड आणि बेलारूसमध्ये ही परंपरा अजून जिवंत आहे. २०२० साली युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. मध आणि मेण हा त्या प्रदेशाचा मोठा व्यापार होता. किएव्ह ही राजधानी असलेल्या जुन्या रूस राज्याच्या कायद्यात मधाच्या झाडाची नासधूस करणाऱ्याला दंड सांगितला आहे.

आणि या धंद्यातला सगळ्यांत मोठा चोर म्हणजे अस्वल. त्याला नखांमुळे झाडावर चढता येतं, जाड कातडीला डंख फारसे लागत नाहीत, आणि मधाबरोबर माश्यांच्या अळ्याही त्याला हव्या असतात. ढोलीच्या तोंडासमोर लोक एक जड ओंडका दोराने टांगून ठेवत. अस्वल वर येतं, ओंडका आड येतो म्हणून पंजाने ढकलतं. ओंडका झुलून परत येतो आणि त्यालाच लागतो. ते चिडतं, जोरात ढकलतं, ओंडका तेवढ्याच जोरात परत येतो. शेवटी दमून किंवा तोल जाऊन ते खाली पडतं. झाडाखाली उभं राहून ज्यांनी हे पाहिलं, त्यांना त्या जनावरासाठी दुसरं कुठलं नाव सुचणार होतं?

मधाच्या शब्दाची एक जुनी नोंदही आहे. इ.स. ४४८च्या सुमारास प्रिस्कस नावाचा ग्रीक लेखक रोमन वकिलातीबरोबर हूणांचा राजा अटिला याच्या छावणीकडे निघाला होता. वाटेतल्या खेड्यांत त्यांना द्राक्षाच्या मद्याऐवजी स्थानिक लोक ज्याला ‘मेदोस’ म्हणत ते पेय मिळालं, असं तो लिहितो. हा शब्द स्लाव्हांचा असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. स्लाव्ह ‘मेद’चा अर्थ मध आणि मधाचं मद्य, दोन्ही. सिरिलच्या लिपीच्या चारशे वर्षं आधी आपल्या शब्दाच्या पूर्वार्धाचा असा आवाज एका परक्याच्या कानावर पडला होता.

शब्द शेजाऱ्यांकडेही गेला. हंगेरियन भाषा या कुटुंबातली नाही, पण तिथे अस्वलाला ‘मेद्वे’ म्हणतात, स्लाव्हांकडून घेतलेलं. गंमत म्हणजे हंगेरियनमधला मधाचा शब्द ‘मेझ’ हाही मूळचा आपल्याच कुटुंबातला, पण हजारो वर्षांपूर्वी उसना गेलेला. एकाच घरातून दोनदा विरजण नेलं, मध्ये किती युगं गेली. झाग्रेब शहराच्या डोक्यावर जो डोंगर आहे त्याचं नाव मेद्वेद्नित्सा, अस्वलाचा डोंगर. रशियनमध्ये न मारलेल्या अस्वलाचं कातडं वाटून घेणे असा वाक्प्रचार आहे. आपण म्हणू, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

दक्षिणेकडच्या बल्गेरियन आणि मॅसिडोनियन लेकींनी मात्र आईचा शब्द बाजूला ठेवला. तिथे अस्वल म्हणजे ‘मेच्का’. बहुतेकांच्या मते हे त्याच शब्दाचं तोडून केलेलं लाडाचं रूप आहे. म्हणजे खुणेच्या नावालाही पुन्हा टोपणनाव. रशियनमध्येही हेच झालं, वेगळ्या वाटेने. ‘मेदवेद’ हा रोजचा शब्द झाला, आणि मग शिकाऱ्यांना तोही उच्चारायला जड वाटू लागला. ते त्याला ‘मालक’ म्हणू लागले, ‘वाकड्या पायांचा’ म्हणू लागले. लोककथांत त्याला माणसाचं नाव मिळालं: मिखाइल, लाडाने मिशा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचं बोधचिन्ह आठवत असेल तर तो हाच मिशा. समारोपाच्या रात्री फुग्यांना बांधलेला तो मोठा बाहुला मैदानावरून आकाशात सोडला, तेव्हा स्टेडियममधली माणसं रडत होती. ज्या जनावराचं नाव घ्यायला पूर्वज घाबरत होते, त्याला त्यांच्या वंशजांनी हात हलवून निरोप दिला.

प्राणिशास्त्रज्ञांनी मात्र नकळत जुना शब्द परत आणला. तपकिरी अस्वलाचं शास्त्रीय नाव ‘उर्सुस आर्क्तोस’. पहिला शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक, आणि दोन्ही ऋक्षाचीच रूपं: ऋक्ष ऋक्ष. जे नाव उत्तरेत एकदाही घ्यायचं नव्हतं, ते सलग दोनदा. आणि मेळघाटात, ताडोबात जे काळं झुपकेदार अस्वल मोहाची फुलं, वारूळं आणि मधाची पोळी शोधत फिरतं, त्याचं नाव ‘मेलुर्सुस’. त्यातला ‘मेल’ म्हणजे लॅटिन मध. हा ‘मेल’ आपल्या मधूचा नातलग नाही, तो वेगळ्याच धातूचा. पण अर्थ फिरून तिथेच येतो: मधाचं अस्वल.

आपल्याकडे जुनं नाव आकाशातही होतं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात शुनःशेपाच्या सूक्तात एक ऋचा आहे: ‘अमी य ऋक्षा निहितास उच्चा’. वर ठेवलेले हे ऋक्ष रात्री दिसतात, दिवसा कुठे जातात, असं तो विचारतो. इथले ऋक्ष म्हणजे सप्तर्षींचे तारे असं मानतात, आणि शतपथ ब्राह्मण तर स्पष्टच सांगतं: ‘सप्तर्षीनु ह स्म वै पुरर्क्षा इत्याचक्षते’, सप्तर्षींना पूर्वी ऋक्ष म्हणत असत. ग्रीकांनी त्याच ताऱ्यांना अस्वल म्हटलं. रशियात आज त्यांना ‘बल्शाया मेद्वेदित्सा’ म्हणतात: मोठी अस्वलीण. शब्दाची फोड केली तर, मध खाणारी मोठी मादी. उन्हाळ्यात गच्चीवर गेलात तर उत्तरेला बघा, ती तिथेच आहे.